आपल्याच पक्षात राहून युद्धाला ‘नाही’ म्हणताना

मी मूळचा सातारा तालुक्यातला. कापड तंत्रज्ञान शिकून अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला आलो, गिरण्यांत नोकरी केली, नागरिकत्व मिळाल्यावर रिपब्लिकन पक्षात नाव नोंदवलं. ते आजही तिथंच आहे. सरकारनं ऐपतीत राहावं, कर्ज काढून थाट करू नये, घराच्या आणि गावाच्या कारभारात वरून ढवळाढवळ करू नये, जुनी रीत मोडण्याआधी ती का रुजली हे पाहावं, एवढी माझी राजकीय समजूत. वडील सहकारी सोसायटीचे हिशेब लिहायचे. त्यांच्याकडूनच ती आली. इथं तिला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात.

गेल्या वीस-बावीस वर्षांतली माझी सर्वांत कडवट भांडणं डेमोक्रॅट शेजाऱ्यांशी झालेली नाहीत. ती माझ्याच विचारांच्या माणसांशी झाली, आणि दर वेळी कारण युद्धाचं होतं. आधी इराक, मग युक्रेन, मग इराण. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतो आहे. इथल्या मराठी घरांत आता दुसऱ्या पिढीचे मतदार आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं ही इच्छा.

१. प्रश्न युद्धाबद्दल विचारा, चौकशी तुमच्या निष्ठेची होते

२००३ च्या सुरुवातीला आमच्या प्रिसिंक्टची बैठक एका शाळेच्या ग्रंथालयात भरली. पक्षाची ही सर्वांत खालची पायरी. मोजकी माणसं, कॉफी, काउंटीच्या अधिवेशनाला कोण जाणार याची निवड. इराकवर हल्ला होणार हे तोवर उघड झालं होतं. मी विचारलं, बगदाद पडल्यावर तिथला कारभार कोण बघणार, आणि त्याला पैसा कुठून येणार? निवडणुकीत ज्यांच्याबरोबर मी दारोदार फिरलो होतो, त्यांच्यातलेच एक गृहस्थ म्हणाले, ‘‘हे प्रश्न तिकडच्या पक्षाचे आहेत. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?’’

घरी आल्यावर बायको म्हणाली, ‘‘आपण बाहेरून आलोय म्हणून बोलले असतील.’’ पण तसं नव्हतं. युद्ध सुरू झालं त्याच सुमारास ‘नॅशनल रिव्ह्यू’ या कॉन्झर्व्हेटिव्हांच्या मुख्य नियतकालिकात डेव्हिड फ्रम यांचा मोठा लेख आला. फ्रम हे अध्यक्ष बुश यांचे भाषणलेखक होते. युद्धाला विरोध करणाऱ्या उजव्या लेखकांना देशभक्ती उरलेली नाही, असा त्या लेखाचा रोख होता. ज्यांची नावं त्यात होती त्यांपैकी पॅट ब्युकॅनन यांनी निक्सन आणि रेगन या दोघांच्याही व्हाइट हाउसमध्ये काम केलं होतं. रॉबर्ट नोव्हाक कोरियाच्या युद्धाच्या काळात लष्करात अधिकारी होते. हयात पक्षाच्या विचारात घालवलेल्या माणसांची ही गत, तर माझी काय कथा!

तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो. ‘तुम्ही खरे कॉन्झर्व्हेटिव्ह आहात का?’ असं कोणी विचारलं की ‘हो’ म्हणतो आणि लगेच मूळ प्रश्नावर परत येतो. स्वतःची निष्ठा सिद्ध करायला जो अर्धा तास खर्च करतो, त्याचा प्रश्न तेवढ्यात बैठकीच्या विषयपत्रिकेवरून निघून गेलेला असतो.

२. ‘आपली परंपरा’ कोणती, हे मुळापासून वाचून घ्यावं

युद्धाला पाठिंबा देणं हीच उजव्यांची परंपरा, असं मला तरुण कार्यकर्ते ठामपणे सांगत. ते खरं नाही. ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांना लोक ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणत. त्यांनी १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्ध मत दिलं. कायमच्या लष्करी जबाबदाऱ्या घेतल्या की कर वाढतात, अध्यक्षाच्या हातात सत्ता एकवटते आणि घरातलं स्वातंत्र्य आक्रसतं, ही त्यांची भीती होती. १९५२ मध्ये आयझेनहॉवर यांनी उमेदवारीत टाफ्ट यांना हरवलं ते नाटोच्या बाजूनं उभं राहूनच. पण त्याच आयझेनहॉवर यांनी सत्तेवर येताच कोरियातली लढाई थांबवली आणि १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या युतीपासून देशाला सावध केलं. दोघेही रिपब्लिकन, दोघेही सावध. १९५३ मध्ये ज्यांच्या ग्रंथानं अमेरिकी कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराला घराणं मिळवून दिलं ते रसेल कर्क १९९१ च्या आखाती युद्धाच्या उघड विरोधात होते.

आणखी मागं गेलं की आपल्याच इतिहासाशी गाठ पडते. या सगळ्या विचाराचा मूळपुरुष मानतात तो एडमंड बर्क. त्यानं १७८६ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत जे आरोप मांडले, त्यांत एक कलम मराठ्यांशी झालेल्या युद्धाचं आणि तहाचं होतं. पुण्याच्या गादीच्या भांडणात हात घालून कंपनी सरकारनं ओढवून घेतलेल्या युद्धाचा जाब, कॉन्झर्व्हेटिव्हांचा आदिपुरुष लंडनमध्ये मागत होता. खटला कित्येक वर्षं चालला, हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला. परंतु बर्कची जाब मागण्याची रीत मागं उरली. काउंटीच्या अधिवेशनात मी हे सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदा ऐकलं. दोघांनी नंतर येऊन पुस्तकाचं नाव विचारलं. वादात मिळालेलं यश म्हणून मी ते आजही धरतो.

३. परागंदा दावेदाराच्या भरवशावर सैन्य पाठवू नये

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कोणालाही राघोबादादा माहीत असतात. पेशवाईवर हक्क सांगणारा, इंग्रजांच्या आश्रयाला गेलेला माणूस. १७७५ मध्ये सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. मुंबईकर इंग्रजांना वाटलं, आपण फक्त यांना गादीपर्यंत पोचवायचं, पुढचं सगळं आपोआप होईल. त्यातून वडगावच्या पराभवाची नामुष्की ओढवली. युद्ध सात वर्षं चाललं आणि सालबाईच्या तहानंतर राघोबादादांच्या हाती पेन्शन आली.

२००२ मध्ये टीव्हीवर अहमद चलाबी यांची मुलाखत बघताना मला राघोबादादाच आठवले. चलाबी ‘इराकी नॅशनल काँग्रेस’चे नेते, दशकानुदशकं देशाबाहेर राहिलेले. सद्दामकडच्या शस्त्रांविषयी त्यांच्या गटानं पुढं केलेल्या फितुरांची माहिती पुढं खोटी ठरली. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी लष्करानं त्यांना विमानानं नासिरियाजवळ नेऊन उतरवलं. जानेवारी २००४ मध्ये अध्यक्षांच्या वार्षिक भाषणाच्या वेळी ते पाहुण्यांच्या सज्जात, अध्यक्षांच्या पत्नीच्या मागच्या रांगेत बसले होते. मे महिन्यात त्यांच्याच बगदादच्या घरावर छापा पडला.

जो माणूस आपल्या देशात परत जाण्यासाठी परक्या सैन्याची वाट बघतो, त्याला तिथल्या लोकांच्या मनाची खबर नसते. आणि असली तरी ती खरी सांगण्यात त्याचा फायदा नसतो. हे कळायला पेंटागॉनची कागदपत्रं लागत नाहीत. ज्यांना माणसाच्या स्वभावाबद्दल भाबड्या कल्पना नसतात ते कॉन्झर्व्हेटिव्ह, असं आम्ही स्वतःबद्दल सांगत आलो. मग या एका माणसाच्या बाबतीत आमच्या नेत्यांनी तो शहाणपणा कुठं ठेवला? याचं उत्तर मला पक्षात अजून कोणी दिलेलं नाही.

४. सैनिक जिथून जातात, त्या गावात बसून युद्धाचं बोलावं

आमच्या पंचक्रोशीत अपशिंगे आहे. त्याला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात, कारण तिथं घरटी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांचं स्मारक गावात उभं आहे. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘मेसोपोटेमिया’ (आजचा इराक) हे नाव अवघड वाटत नसे. ब्रिटिश जनरल टाउनशेंड ज्या तुकडीला घेऊन तैग्रिसच्या काठानं बगदादकडे निघाला, ती सहावी पुणे डिव्हिजन होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडे मार बसला, सैन्य मागं हटून कुत-अल-अमाराला कोंडलं गेलं आणि महिनोनमहिने वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलं. कैदेत गेलेल्यांतले हजारो परत आले नाहीत. पुढल्या वर्षी जनरल मॉडनं बगदाद घेतलं आणि जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नव्हे, तुम्हाला मुक्त करायला आलो आहोत. २००३ मध्ये हीच भाषा इंग्रजी बातम्यांत पुन्हा ऐकताना आमच्या गावाकडचा माणूस गप्प कसा बसेल?

नॉर्थ कॅरोलिनातही अपशिंग्यासारखी गावं आहेत. फेएटव्हिलला लागून फोर्ट ब्रॅग, ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनचं ठाणं. किनाऱ्याकडे जॅक्सनव्हिलला मरीन सैनिकांचा कॅम्प लेजून. कामानिमित्त मी त्या बाजूला वरचेवर जाई. तिथल्या न्हाव्याच्या दुकानात, टायरच्या दुकानात, चर्चच्या जेवणात युद्धाबद्दल जे बोलणं चाले ते वॉशिंग्टनच्या चर्चांपेक्षा फार वेगळं असे. तिथं ‘खरा कॉन्झर्व्हेटिव्ह कोण’ हा प्रश्नच नव्हता. कोणाच्या मुलाला तिसऱ्यांदा युद्धावर जावं लागलं, कोणाची सून दोन लहान मुलं घेऊन माहेरी गेली, कोणाला पेन्शनच्या कचेरीत खेपा घालाव्या लागतात, हे बोलणं. ती माणसं युद्धविरोधी नव्हती. बहुतेकांनी बुश यांना मत दिलं होतं. पण युद्धाचं वजन त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून त्यांच्याशी मतभेद असतानाही बोलता येई.

कॅम्प लेजून ज्या मतदारसंघात होता तिथले खासदार वॉल्टर जोन्स. रिपब्लिकन, धार्मिक, जुन्या वळणाचे. २००२ मध्ये त्यांनी युद्धाच्या बाजूनं मत दिलं. फ्रान्सनं साथ दिली नाही म्हणून २००३ मध्ये काँग्रेसच्या उपाहारगृहातल्या ‘फ्रेंच फ्राइज’चं नाव ‘फ्रीडम फ्राइज’ करवणाऱ्यांत ते पुढं होते. त्याच वसंतात कॅम्प लेजूनला एका मरीन सार्जंटच्या अंत्यविधीला ते गेले. त्याची पत्नी, लहान मुलं, त्यानं न पाहिलेली जुळी बाळं. त्यानंतर त्यांनी युद्धात मेलेल्यांच्या कुटुंबांना सहीची पत्रं लिहायला सुरुवात केली. ती पुढं दहा हजारांच्या वर गेली. आपल्या कार्यालयाबाहेर त्यांनी मृत सैनिकांचे फोटो लावले. २००५ मध्ये सैन्य परत आणण्याचं वेळापत्रक मागणाऱ्या ठरावावर डेमोक्रॅटांच्या बरोबरीनं सही केली.

पक्षानं त्यांना याची किंमत मोजायला लावली. समितीतली बढती अडली, पक्षांतर्गत निवडणुकीत पुन्हा पुन्हा प्रतिस्पर्धी उभे केले गेले. तरीही मतदारसंघानं त्यांना फेब्रुवारी २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत निवडून दिलं. लष्करी छावणीच्या मतदारांनी युद्धविरोधी माणसाला निवडून देत राहणं, यावरून कोणाला युद्धाबद्दल बोलण्याचा अधिकार आहे याचं उत्तर मला मिळालं. टीव्हीवरच्या विश्लेषकांनी ते ऐकून घेतलं असतं तर पुढची निम्मी भांडणं टळली असती.

५. खर्चाचा प्रश्न विचारणं हे भित्रेपण नाही

मी हिशेबी घरातला, म्हणून हा मुद्दा मला फार जिव्हाळ्याचा. सप्टेंबर २००२ मध्ये बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे म्हणाले की इराकच्या युद्धाला १०० ते २०० अब्ज डॉलर लागतील. डिसेंबरमध्ये त्यांना जावं लागलं. मार्च २००३ मध्ये संरक्षण खात्याचे पॉल वुल्फोविट्झ यांनी काँग्रेससमोर सांगितलं की इराक आपल्या पुनर्बांधणीचा खर्च लवकरच स्वतः उचलू शकेल. युद्ध चालू असताना मे महिन्यात करकपातीच्या कायद्यावर सही झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसला ८७ अब्ज डॉलरची मंजुरी द्यावी लागली, तीही नेहमीच्या अंदाजपत्रकाबाहेर, पुरवणी मागणीनं. असंच पुढं वर्षानुवर्षं.

आता त्याच उन्हाळ्यात आमच्या राज्यात काय झालं ते सांगतो. ३० जुलै २००३ ला कॅनापोलिसची पिलोटेक्स बंद पडली. टॉवेल आणि चादरींच्या या गिरण्यांवर सबंध शहर उभं होतं. एका दिवसात राज्यातल्या चार हजारांहून अधिक माणसांचं काम गेलं; नॉर्थ कॅरोलिनाच्या तोवरच्या इतिहासातली ती एका फटक्यात ओढवलेली सर्वांत मोठी बेकारी. मी दुसऱ्या गिरणीत होतो, पण तिथले कित्येक जण ओळखीचे. ज्यांच्या मुली पिलोटेक्समध्ये शिवणावर होत्या, त्यांचीच मुलं इराकमध्ये होती. या माणसांनी विचारलं, आमच्या शहराला सावरायला पैसा नाही आणि बगदादच्या वीजकेंद्राला आहे, हे कसं? त्यांना पक्षाच्या वतीनं द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणाकडेच नव्हतं.

१३ फेब्रुवारी २०१६ ला शेजारच्या साउथ कॅरोलिनात, ग्रीनव्हिलला, रिपब्लिकन उमेदवारांची चर्चा झाली. ग्रीनव्हिल हेही गिरण्यांचं गाव. डोनाल्ड ट्रम्प यांनी माजी अध्यक्ष बुश यांचे भाऊ जेब बुश यांच्या तोंडावर सांगितलं की इराकचं युद्ध ही घोडचूक होती. सभागृहातून आरडाओरडा झाला, विश्लेषकांनी त्यांचा निकाल लावून टाकला. आठवड्यानं त्यांनी ते राज्य जिंकलं आणि त्याच रात्री जेब बुश शर्यतीतून बाहेर पडले. ट्रम्प यांच्या अनेक गोष्टी मला रुचत नाहीत. तरी त्या रात्रीचा निकाल मला अनपेक्षित वाटला नाही, कारण कॅनापोलिसची माणसं माझ्या माहितीची होती.

६. मत कोणी कसं दिलं, याची नोंद ठेवावी

अमेरिकेच्या घटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा. शेवटची रीतसर युद्धघोषणा जून १९४२ मधली. त्यानंतर व्हिएतनाम असो की इराक, अध्यक्षांना मोघम परवानगी देणारे ठराव झाले आणि जबाबदारी कोणाचीच उरली नाही. ऑक्टोबर २००२ चा इराक ठराव प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाला. रिपब्लिकनांपैकी सहाच जण विरोधात गेले: रॉन पॉल, जॉन डंकन, जॉन हॉस्टेटलर, जिम लीच, कॉनी मोरेला आणि एमो हॉटन. सिनेटमध्ये एकटे लिंकन चाफी. या सात जणांत कट्टर उजवे होते तसे मवाळही होते. म्हणून ‘युद्धाला विरोध म्हणजे डावेपणा’ असं कोणी म्हणालं की मी ही नावं वाचून दाखवतो. बहुतेकांना त्यांतलं एखादंच माहीत असतं.

७. राष्ट्रवादी सरकारही ‘नाही’ म्हणू शकतं

२००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं भारताकडे इराकसाठी एक पूर्ण डिव्हिजन मागितली. दिल्लीत वाजपेयींचं सरकार होतं, अमेरिकेशी मैत्री वाढवणारं, अणुचाचण्या करणारं, राष्ट्रवादी म्हणवणारं. उपपंतप्रधान अडवाणी जूनमध्ये वॉशिंग्टनला येऊन गेले होते. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला आमच्यात यावरून चांगलीच जुंपली. ‘‘अहो काका, सैन्य पाठवलं तर भारताचं वजन वाढेल की!’’ असं एक तरुण इंजिनियर कळकळीनं सांगत होता. ‘‘वजन कोणाचं आणि खांदा कोणाचा, बाळा?’’ एवढंच मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर अपशिंग्याचं स्मारक होतं. डिव्हिजन गेली असती तर तिच्यात सातारा-कोल्हापूरची मुलं नसती असं कोण म्हणेल?

वाजपेयींनी मित्रपक्षांशी बोलून, विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधींशीही विचारविनिमय करून, १४ जुलैला नकार कळवला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना सैन्य जाणार नाही. संसदेनं एप्रिलमध्येच युद्धाविरुद्ध ठराव केला होता. या नकारामुळे अमेरिकेशी संबंध तुटले नाहीत. दोन वर्षांनी अणुकराराची बोलणी सुरू झाली. आपल्या देशाचं हित बघून मित्राला नकार देणं हे राष्ट्रवादाच्या आड येत नाही, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण हे आहे. आणि ते उजव्या सरकारचं आहे.

८. प्रत्येक युद्ध नव्यानं तपासावं

इराकला विरोध करणाऱ्यांनी युक्रेनला मदत करण्यालाही विरोध केलाच पाहिजे, असं माझ्या जुन्या सोबत्यांना वाटलं. मला पटलं नाही. इराकमध्ये आपण दुसऱ्याच्या देशात शिरलो होतो. युक्रेनमध्ये रशिया शिरला होता. तिथं आपले सैनिक लढत नव्हते, लढणारे आपल्याच घरासाठी लढत होते आणि शस्त्र मागत होते. परागंदा दावेदार नव्हता. अध्यक्ष राजधानीत ठाण मांडून होता. मी ज्या कसोट्या इराकला लावल्या त्याच इथं लावल्या आणि उत्तर वेगळं आलं.

२० एप्रिल २०२४ ला प्रतिनिधिगृहानं युक्रेनची मदत ३११ विरुद्ध ११२ मतांनी मंजूर केली. विरोधातली सर्व ११२ मतं रिपब्लिकनांची. बाजूनं रिपब्लिकन १०१. म्हणजे पक्ष उभा चिरला गेला, आणि मत घेऊ देणाऱ्या सभापती माइक जॉन्सन यांना पदावरून काढण्याचा ठराव त्यांच्याच पक्षातून आला. २००३ मध्ये ज्यांच्याबरोबर मला गद्दार म्हटलं गेलं होतं, त्यांनीच आता मला ‘निओकॉन’, म्हणजे युद्धाला उतावीळ उजवा, म्हटलं. आधी रेगनचं नाव घेऊन झोडपलं, आता रेगनचं नाव घेतलं म्हणून झोडपलं. मला याचा राग येतो, आणि वाईटही वाटतं. कारण मदत किती, कशी, हिशेब कोण ठेवणार, थांबायचं कुठं, हे सगळे रास्त प्रश्न होते, विरोधकांचेही. त्यांवर आमच्या काउंटीत एकदाही शांतपणे चर्चा झाली नाही.

९. विचाराची मालकी एका माणसाला देऊ नये

जून २०२५ मध्ये इराणवरून तोच वाद पुन्हा पेटला, या वेळी ट्रम्प यांच्याच समर्थकांत. भाष्यकार टकर कार्लसन आणि स्टीव्ह बॅनन एका बाजूला, भाष्यकार मार्क लेव्हिन आणि सिनेटर टेड क्रूझ दुसऱ्या. कार्लसन यांनी क्रूझ यांना इराणची लोकसंख्या विचारली. ज्या देशातलं सरकार उलथावं असं ते म्हणत होते, त्याची लोकसंख्या त्यांना सांगता आली नाही. माझ्या मते त्या आठवड्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तो होता. त्याला खोडसाळ म्हणणाऱ्यांनी कुत-अल-अमाराचा इतिहास वाचावा.

केंटकीचे रिपब्लिकन थॉमस मॅसी यांनी भारतीय वंशाचे डेमोक्रॅट रो खन्ना यांच्याबरोबर ठराव आणला की काँग्रेसच्या मंजुरीशिवाय युद्धात उतरू नये. मॅसी यांना पाडण्याची भाषा अध्यक्षांनी केली. ‘अमेरिका फर्स्ट’ म्हणजे काय हे आपणच ठरवणार, असंही अध्यक्षांनी एका मुलाखतीत सांगितलं. २२ जूनला इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर अमेरिकेचे बॉम्ब पडले. मतदान झालेलं नव्हतं. आणि आमच्या काउंटीतल्या ज्या माणसांनी आदल्या आठवड्यात ‘नवं युद्ध नको’ म्हणून फलक धरले होते, त्यांतल्या अनेकांनी दुसऱ्या दिवशी हल्ल्याचं स्वागत केलं. मत बदलायला हरकत नाही. पण काय नवीन कळलं म्हणून बदललं, हे मी एकेकाला विचारलं, तेव्हा उत्तरात फक्त एक नाव आलं.

इथल्या मराठी मतदारांना, कुठल्याही पक्षात असलात तरी, माझं सांगणं आहे: प्रिसिंक्टच्या बैठकीला जा. ती वर्षाच्या सुरुवातीला असते आणि बहुधा तिथं खुर्च्या रिकाम्या असतात. तुमच्या खासदाराच्या स्थानिक कार्यालयात फोन करा आणि विचारा की युद्धाच्या अधिकाराच्या ठरावावर त्यांनी मत कसं दिलं, आणि पुढचा ठराव आला तर कसं देणार. उत्तर लिहून मागा. मुलांना बरोबर न्या. तुम्हाला ‘नक्की कोणाच्या बाजूचे?’ असं कोणी विचारलं, तर तुमचं नाव आणि पत्ता सांगा, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.